ताटातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या माणसांच्या परदेशात जन्मलेल्या पोरांच्या नागरिकत्वाबद्दल लिहितोय. पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण मधला भाग तेवढा ठेवा ही विनंती.

तुमच्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर, नावात बदल आणि हरवलेल्या मार्कशीटच्या गर्दीत, कधीमधी चार ओळींची एक जाहिरात यायची की मी अमुक तमुक, राहणार अमक्या ठिकाणी, भारताचं नागरिकत्व मिळावं म्हणून अर्ज करतोय, ते देऊ नये असं कुणाला वाटत असेल तर त्याने कारण लिहून सहीनिशी सरकारला कळवावं. बाकीचे लोक पान उलटून राशिभविष्याकडे जातात, मी मात्र ती जाहिरात शोधून वाचायचो, कारण नोकरीत असताना तिचं कात्रण माझ्याच टेबलावर यायचं, दोन वेगळ्या तारखांची दोन कात्रणं, कोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवलेली, कडेने डिंक पिवळा पडलेला. मी कलेक्टर कचेरीत होतो, तीन जिल्ह्यांचं पाणी पिऊन अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, त्यातली बरीच वर्षं गृह शाखेत गेली.

अशीच एक फाईल एका इराणी बेकरीवाल्याची होती. विशीत मामाच्या बेकरीत कामाला आला तो इथलाच झाला. परक्या माणसाला आपलं नागरिकत्व हवं असेल तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात कलम ६ आहे, ज्याला नॅचरलायझेशन म्हणतात, त्यात अर्जाच्या आधीचे १२ महिने सलग इथे राहिलेला पाहिजे आणि त्याच्याही मागच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं इथे काढलेली पाहिजेत, वागणूक चांगली पाहिजे, आणि एक अट लोकांना माहीतच नसते ती म्हणजे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक तरी भाषा नीट आली पाहिजे. मराठी त्या यादीत आहे. आमच्या साहेबांनी त्याला विचारलं, मराठी येते का, तर तो म्हणाला, साहेब तीस वर्षं उधारी मराठीतच वसूल करतोय. सगळी शाखा हसली, पण म्हणून भाषेचे दाखले माफ झाले नाहीत, ते त्याला आणावेच लागले. फाईल मंत्रालयात गेली, तिथून दिल्लीला गेली, परत आली, शंका निघाल्या, पुन्हा गेली. तो मधे मधे चौकशीला यायचा, येताना खारी आणायचा, मी घ्यायचो नाही (एकदा घेतली). शेवटी झालं त्याचं काम, त्याच्या देशाचं नागरिकत्व सोडल्याचा कागद आला आणि त्याने हात वर करून शपथ घेतली, घटनेशी निष्ठा राखीन म्हणून, तेव्हा त्याचा आवाज फुटत नव्हता हे मला अजून आठवतं.

हे एवढं सांगितलं कारण परक्याला आपला करायचा रस्ता मला तोंडपाठ होता, कितीही लांब असला तरी. पण आपल्याच माणसांच्या परदेशात जन्मलेल्या पोरांचं काय होतं हे मला माझ्या घरात घडेपर्यंत धड माहीत नव्हतं, आणि मी त्याच शाखेत खुर्ची झिजवलेला माणूस. लाज वाटते सांगायला पण सांगतो.

लेकीचं लग्न कोविडच्या काळात झालं, पन्नास माणसांत. जावई यूएईत एसी टेक्निशियन. आमच्याकडे अजून पद्धत आहे, लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो, आडनावच नाही तर पहिलं नावसुद्धा बदलतात. जावयाने लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. चार दिवसांनी ग्रामसेवकाकडे विवाह नोंदणीचा फॉर्म भरायला मीच बसलो, अक्षर चांगलं म्हणून, आणि मोठ्या ऐटीत मी त्यात ताटातलं नाव लिहिलं. लेकीचा पासपोर्ट लग्नाआधीच निघालेला, माहेरच्या नावाने. आयुष्यभर मी लोकांच्या फाईली नावातल्या एका वेलांटीसाठी परत पाठवल्या आणि घरच्या दाखल्यावर आख्खं नावच वेगळं लिहून बसलो. त्या वेळी डोक्यातच आलं नाही, लग्नघरातली गडबड, बुंदीचे लाडू वाटायचे राहिले होते.

२०२३ च्या फेब्रुवारीत नात झाली तिकडे. तिकडच्या बर्थ सर्टिफिकेटसाठी लग्नाचा दाखला लागला, तो नुसता चालत नाही, आधी आपल्या मंत्रालयातून, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयातून, मग यूएईच्या वकिलातीतून शिक्का पाहिजे. आणि दाखल्यावरची बाई वेगळी, पासपोर्टवरची बाई वेगळी. मग इकडे प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची जाहिरात, दुरुस्ती, पुन्हा शिक्के, कागद कुरिअरने तिकडे, तिकडून फोटो व्हॉट्सॲपवर की बाबा हा शिक्का पुसट आलाय. यात महिने गेले. त्यात जावयाची कंपनी बसली, तीन पगार थकले, व्हिसा संपला. तिकडे फॉर्म भरून देणारी टायपिंग सेंटरं असतात, तसल्या एका एजंटने त्यांना सांगितलं की पोरीच्या पासपोर्टचं टेन्शन घेऊ नका, आईबाप दोघं इंडियन आहेत ना, मग मूल इंडियनच, कधीही काढा. त्याच्यावर विश्वास ठेवला, ठेवणारच ना, त्याच्या दुकानात रोज शंभर माणसं येतात.

नातीचा पहिला वाढदिवस झाला आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी सगळे कागद जुळून हे लोक तिकडच्या भारतीय पासपोर्टच्या काउंटरवर गेले, तर तिथल्या माणसाने तारीख बघितली आणि म्हणाला, जन्म नोंदवलाय का आपल्याकडे, वर्ष उलटलंय, आता दिल्लीची परवानगी लागेल. त्याचं काही चुकलं नाही, तो नियमच सांगत होता. रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल, मांडीवर पोर झोपलेली, म्हणाली, बाबा, हिला इंडियन म्हणत नाहीयेत. मी म्हटलं काहीतरीच काय बोलतेस. आणि सकाळी उठून जुनी कायद्याची प्रत काढली तर खरंच तसं होतं.

आता हा तो मधला भाग, हा कापू नका. परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व वंशाने मिळतं, ते कायद्याच्या कलम ४ मधे आहे. पूर्वी फक्त बापाचं बघायचे, बाप भारतीय तर मूल भारतीय, आईला काही किंमतच नव्हती. म्हणजे आपली एखादी मुलगी परदेशी माणसाशी लग्न करून तिकडे गेली आणि मूल तिकडेच झालं, तर त्या मुलाला आईकडून भारताचं नागरिकत्व मिळायचं नाही. ते १० डिसेंबर १९९२ नंतर जन्मलेल्यांसाठी बदललं, तेव्हापासून आई किंवा बाप कुणीही एक भारतीय असला तरी चालतो. पण ३ डिसेंबर २००४ पासून दुसरी अट आली, मूल जन्मल्यापासून एक वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात किंवा कॉन्सुलेटमधे जन्माची नोंद करायची आणि आईबापांनी लिहून द्यायचं की या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. ती नोंद झाली नाही तर मूल भारताचं नागरिक नाही. आईबाप दोघं भारतीय, आजा-आजी भारतीय, सात पिढ्या इथल्या सातबाऱ्यावर, तरी नाही. वर्ष उलटल्यावर करता येते, पण केंद्र सरकारच्या परवानगीने, म्हणजे दिल्लीच्या गृह मंत्रालयाकडे कागद जाणार. आणि यूएईसारख्या देशात नुसतं तिथे जन्मलं म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे माझी नात एक वर्ष आणि पुढचे कितीतरी महिने कुठल्याच देशाची नव्हती, आणि तिला त्याचं काही नव्हतं, ती एसीच्या रिमोटशी खेळत होती.

आखातात राहणाऱ्यांना ही अट सहसा आपोआप पुरी होते कारण तिकडे बाळाचा व्हिसा काढायला पासपोर्ट लागतोच, त्यामुळे लोक पहिल्या दोन-तीन महिन्यातच पळापळ करतात. अडकतात ते आमच्यासारखे, ज्यांचे कागद जुळत नाहीत, नोकरी गेलीय, दंड चढतोय म्हणून काउंटरवर जायलाच घाबरतात. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच बाहेर.

आमचं पुढे सुटलं. तिकडच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ होते, त्यांनी एका वकिलाशी गाठ घालून दिली, वकिलाने उशीर का झाला याचं नीट तारीखवार निवेदन तयार करून दिलं, कुठला कागद कधी पाठवला, कधी परत आला, कुरिअरच्या पावत्यांसकट, आणि मला म्हणाला काका तुम्ही पावत्या जपून ठेवल्यात म्हणून हे उभं राहतंय. कारकुनाची खोड कामाला आली म्हणायची. परवानगी आली, पासपोर्ट निघाला. २०२४ च्या सप्टेंबरपासून यूएईने व्हिसा संपलेल्यांसाठी माफीची मुदत दिली होती, ती पुढे वाढवून डिसेंबरअखेर केली, त्यात दंडाशिवाय बाहेर पडता आलं, आणि डिसेंबरात तिघं मुंबईला उतरली. पासपोर्टवरच्या फोटोत नातीची मान धरलेला आईचा हात दिसू नये म्हणून पांढरा टॉवेल टाकलाय, तरी एक बोट दिसतंच.

तुम्ही म्हणाल हे गरिबाघरचं, आखातातलं. तर आमच्या साडूंची सोसायटी पुण्यात आहे, तिथली गोष्ट ऐका. शेजारचं जोडपं अमेरिकेत आयटीत होतं, एच-वन व्हिसावर, दोघं भारतीय नागरिकच, मुलगी तिकडे जन्मली म्हणून तिकडची नागरिक, तिचा निळा पासपोर्ट. २०२१ च्या शेवटी सगळं गुंडाळून परत आले, आणि २०२२ मधे मुलीचं ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्ड केलं. ओसीआयला आपल्याकडे सर्रास ड्युअल सिटिझनशिप म्हणतात, एजंट म्हणतात, नातेवाईक म्हणतात, लग्न जुळवणारे तर बायोडेटात लिहितात. ते नागरिकत्व नाहीये. तो आयुष्यभराचा व्हिसा आणि वर काही सवलती. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, सरकारी नोकरीचं दार बहुतेक बंदच. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, घटनेच्या कलम ९ पासूनच नाही.

ती मुलगी हुशार, शाळेत मराठी वक्तृत्वात बक्षिसं घेतलेली, डॉक्टर व्हायचं म्हणून अकरावीपासून नीटचा क्लास. आणि फॉर्म भरायच्या वेळी कळलं की ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या नोटिफिकेशननुसार ओसीआयवाल्यांना नीट-जेईईच्या सगळ्या सीटांवर हक्क नाही, एनआरआयच्या जागांवर फक्त. यावर पोरं कोर्टात गेली होती, सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या फेब्रुवारीत सांगितलं की हे नोटिफिकेशन पुढच्यांना लागू, ज्यांची कार्डं ४ मार्च २०२१ च्या आधीची आहेत त्यांना जुन्याप्रमाणेच बसता येईल. हिचं कार्ड २०२२ चं. एनआरआय सीटची फी ऐकून बाप दोन दिवस जेवला नाही म्हणे. मग तो धावाधाव करायला लागला की आम्ही दोघं भारतीय नागरिक आहोत, तर मुलीला भारतीय करून घेऊ. कायद्यात ती सोय आहे, कलम ५(१)(ड), भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलांची नोंदणी, अर्ज आमच्यासारख्या कलेक्टर कचेरीतूनच वर जातो. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं, आणि अमेरिकेच्या कायद्यात आईबापांना मुलाच्या वतीने ते सोडताच येत नाही, ज्याचं त्याने समजून-उमजून सोडायचं. मुलगी सतरा वर्षांची, परीक्षा तोंडावर. काय करणार सांगा.

आणि मुळात अमेरिकेत जन्म झाला तेव्हा पहिल्या वर्षात, तिकडचा पासपोर्ट काढायच्या आधी, भारतीय कॉन्सुलेटमधे जन्म नोंदवला असता तर ती भारतीयही राहिली असती, मग अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत दोन्हीतलं कुठलं ठेवायचं ते ठरवावं लागतं, दुसरं सोडलं नाही तर भारताचं जातं. हा पर्याय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी निळाच पासपोर्ट काढला असता, हे मी पैजेवर सांगतो, त्या वेळी सगळ्यांना तोच हवा असतो. माझं म्हणणं एवढंच की ठरवतात आईबाप, बाळंतपणाच्या घाईत, एजंटला विचारून, आणि त्याचं बिल फाडलं जातं पोराच्या नावाने सतरा-अठरा वर्षांनी.

ज्यांचे आईबाप तिकडे नॅचरलाइझ झाले त्यांच्या पोरांचं आणखी वेगळं. बापाने तिकडचं नागरिकत्व घेतलं की इथलं नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ ने आपोआप जातं, राजीनामा वगैरे काही द्यावा लागत नाही. काही लोकांचा समज होता की पोरगं अठराचं झालं की एका वर्षात अर्ज करून परत भारतीय होता येतं, कलम ८ मधे तशी सोय आहे म्हणून. २०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ती सोय ज्यांच्या आईबापांनी स्वतःहून रीतसर त्याग केला त्यांच्या मुलांना आहे, आपोआप गेलेल्यांच्या मुलांना नाही. हा बारीक फरक मलाही दोनदा वाचल्यावर कळला, एजंटला कुठून कळणार.

तिकडचे कागद अर्धवट ठेवले तर काय होतं त्याचंही उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. लहानपणी मुंबईतून अमेरिकेत दत्तक गेलेली एक बाई, तिच्या नागरिकत्वाचं काम कुणीच पुरं केलं नाही, मोठेपणी ती एका गुन्ह्यात अडकली आणि २००८ साली अमेरिकेने तिला उचलून मुंबईला पाठवलं, नवरा-मुलं तिकडे, इथलं कुणी ओळखीचं नाही. पेपरात खूप आलं होतं तेव्हा, हायकोर्टातही गेलं होतं. अमेरिकेने अशा मुलांसाठी त्याआधीच कायदा केला होता, अठराच्या आतल्या ग्रीन कार्डवाल्या मुलाचा आई किंवा बाप नागरिक असेल आणि मूल त्याच्याकडे तिथेच राहत असेल तर मूल आपोआप नागरिक, पण तो २७ फेब्रुवारी २००१ पासून, त्या दिवशी जे अठराच्या वर गेलेले होते ते राहिले बाहेर. गुन्हा केला त्याची शिक्षा व्हावी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तीच बाई कागदावर नागरिक असती तर शिक्षा भोगून आपल्या घरी गेली असती. आता २०२५ च्या जानेवारीत तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी व्हिसावाल्यांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नको असा हुकूम काढला आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा इथल्या किती आजी-आजोबांचा जीव टांगणीला लागला ते मी आमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर बघितलंय. सून सातव्या महिन्यात आणि सासरे रोज मोबाईलवर अमेरिकेच्या कोर्टाच्या बातम्या वाचतायत, ज्यांनी आयुष्यात आपल्या तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढली नाही.

मदतीचं बोलतो आता. वकील महाग असतो आणि या विषयातला वकील तर दिल्ली-मुंबईतच, असं सगळे धरून चालतात. पण १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम १२ मधे फुकट वकील कुणाला मिळतो त्याची यादी आहे, त्यात बाई आणि मूल हे दोन्ही आहेत आणि त्यांना उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे माझ्या लेकीला आणि नातीला दोघींना हक्काने मिळायला हवं होतं. प्रत्येक जिल्ह्याच्या कोर्टात हे ऑफिस आहे. मी गेलो तेव्हा तिथल्या वकील बाईंनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की काका, पोटगी, घरगुती हिंसाचार, जमिनीचे वाद, ॲक्सिडेंट क्लेम हे रोज येतं, नागरिकत्वाची आमच्याकडे ही पहिलीच केस. दोन दिवसांनी फोन करून त्यांनी कलमं वाचून दाखवली, मी आधीच वाचली होती, पण बरं वाटलं. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. कोण जाणार त्यांच्याकडे हे विचारायला, लोकांना माहीतच नाही की हे तिथे विचारता येतं.

तसाच परदेशातल्या आपल्या दूतावासांकडे २००९ पासून एक कल्याण निधी आहे, इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड, अडचणीतल्या भारतीयांना कायदेशीर मदत, तिकीट, तात्पुरता निवारा यासाठी. गंमत अशी की तिकडे कुठलंही कॉन्सुलर काम केलं की फीच्या पावतीत या निधीचे थोडे पैसे आपण भरतोच. जावयाने किती वर्षं भरले, त्याला नाव माहीत नव्हतं. आणि तक्रार नोंदवायला परराष्ट्र मंत्रालयाचं मदद नावाचं पोर्टल आहे, ते इथे बसून घरच्यांनाही वापरता येतं, मी वापरलं, नातवंडांच्या वयाच्या पोराकडून शिकून.

मला वाटतं दोन-तीन गोष्टी अगदी बिनपैशाच्या आहेत. एक तर ग्रामसेवकाच्या विवाह नोंदणीच्या टेबलावर एवढाच प्रश्न विचारावा की पासपोर्ट आहे का, असेल तर नाव त्याच्यावरचंच लिहा, ताटात काय लिहायचं ते लिहा. आमच्या तालुक्यात घरटी एक माणूस बाहेर असतो, दुबई, मस्कत, कुवेत नाहीतर बोटीवर, हा प्रश्न विचारायला काही जीआर लागू नये पण लागत असेल तर काढा. दुसरं, कामाला आखातात जाणाऱ्यांसाठी सरकारचं जायच्या आधीचं प्रशिक्षण असतं, पगार, करार, तिकडचे कायदे सांगतात, त्यात पाच मिनिटं मूल झाल्यावर काय करायचं याला द्यावीत, आणि मराठीत सांगावं, हिंदीत सांगितलं की आमचे लोक मान डोलावतात आणि घरी येऊन विचारतात काय म्हणाला. आणि विधी सेवेचे जे स्वयंसेवक गावोगाव फिरतात, पॅरा लीगल म्हणतात त्यांना, त्यांना एक दिवस या विषयाचं शिकवा. मी फुकट येईन शिकवायला, चहापण माझा.

एवढं लिहून झाल्यावर लेकीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली बाबा तुम्ही एजंटला फार कमी शिव्या घातल्यात. तिला म्हटलं फॉर्म मी भरला होता. ती काही बोलली नाही, नातीला अंगणवाडीत सोडायची वेळ झाली होती. तिथे हजेरीत नातीचं नाव पासपोर्टाप्रमाणे घातलंय, शेवटच्या अक्षरासकट मी स्वतः बाईंच्या शेजारी बसून तपासलं. मदतनीस बाई हसत होत्या, आजोबा अंगणवाडी आहे ही, म्हणाल्या.

विधी सेवेची टोल फ्री हेल्पलाइन १५१०० आहे. पत्रातलं बाकी काही छापलं नाहीत तरी हा नंबर आणि एक वर्षाची मुदत तेवढी ठळक टायपात छापा, शक्यतो राशिभविष्याच्या शेजारी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त अव्वल कारकून
ता. खेड, जि. रत्नागिरी